अनवाणी साहेब

आमच्या पोखर्णीच्या शिवारात एक इंग्रज अनवाणी चेंडू टाकायचा. निजामाच्या राज्यात साहेब आणि तोही अनवाणी, म्हणून वाटेवरची माणसं गाड्या थांबवून बघत.

तो रेल्वेच्या लाईनवरचा साहेब. विलायतेत क्रिकेट खेळायचा, पण गुडघा फुटला आणि संघातून काढलं. त्या उन्हाळ्यात परभणीला रेल्वेच्या संघाचा हैदराबादच्या संघाशी सामना होता. तिथं चांगला खेळला तर हैदराबादवाले त्याला घेणार होते. सरावाला सपाट जागा पाहिजे आणि काळ्या रानात तर हात जाईल अशा भेगा. सपाट असं एक आमचं खळंच, शेणानं सारवलेलं.

आईनं खळं दिलं, पण त्याचे खिळ्यांचे जोडे बघून आडवी आली.

"जोडे बांधावर. इथं लक्ष्मी उतरती."

"माँ, ज्वारी तो घर को गई." गँगमनांकडून शिकलेली दखनी होती त्याची.

"ज्वारी गेली, लक्ष्मी न्हाई गेली. टाकायचं तर तसंच टाक."

त्यानं जोडे काढले. आठवड्यात तळपाय सोलले. हळद-तेल लावून पुन्हा हजर. तुरीच्या वाळक्या काड्या, तीन तुराट्या रोवायच्या आणि त्यांच्यावर चेंडू टाकत राहायचं. नेम चुकला की म्हणायचा, "और एक."

आमचा सालगडी म्हणायचा, "साहेब, तुराट्या हसायल्यात बघा तुमाला."

"हँसने दे. और एक."

पुढं पुढं तुराटी उभी राहीना. अनवाणी पळालं की गुडघाही दुखत नाही, असं त्यानंच सांगितलं.

सामन्याला आई मला गाडीनं घेऊन गेली, हाकायला सालगडी. "माझं खळं वाया गेलं का ते बघते," म्हणाली. साहेब जोडे घालून उतरला, लंगडला, चेंडू भलतीकडेच. मग त्यानं जोडे काढून फेकले. पुढच्याच चेंडूला दांडी उडाली. तंबूत मोठे अंमलदार बसलेले. त्याच्या संघाचा कप्तानही इंग्रजच. तो तरातरा आला. काय बोलला ते आमच्या शेजारी उभ्या स्टेशनमास्तरांनी आम्हाला सांगितलं. जोडे घाल, नाहीतर बाहेर हो. साहेबानं नाही म्हणून मान हलवली आणि अनवाणीच आणखी एकाची दांडी घेतली. कप्तानानं चेंडू काढून घेतला. हैदराबादवाल्यांनी त्याला विचारलंच नाही. त्याचं क्रिकेट तिथं संपलं.

तो आमच्या गाडीपाशी आला. आई म्हणाली, "गप घालायचे होते जोडे. हातचं हैदराबाद घालवलंस."

"जूते में गेंद नै पड़ता, माँ. उधर जाके क्या करता मैं?"

आईनं सरकून जागा दिली. जोडे त्यानं सालगड्याला देऊन टाकले.

मिरगाआधी त्याची बदली झाली. खळं आम्ही नांगरलं, कापूस पेरला. शेत आहे ते, कुणासाठी राखून ठेवत नसतात.