कोठीतल्या तांबड्या पट्ट्या

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक डबा होता. डब्यात मऊ कापडात गुंडाळलेला, विड्याच्या पानाएवढा आरसा. पडलेल्या उजेडातला निम्मा आरपार जाऊ देणारा आणि निम्मा परत फेकणारा. "दादाला द्या, वाटेत उघडून बघू नका," अशी बायकोची ताकीद होती. तिच्या माहेरी मी नेलेल्या काचेच्या बरण्यांचं काय झालं, हे ती विसरलेली नाही.

दादा म्हणजे माझे मेव्हणे सुदामराव, बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचे मास्तर. साखरेच्या दुखण्यानं त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता त्यांची एकच इच्छा उरली होती. ज्या प्रयोगाची आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, तो प्रयोग डोळा आहे तोवर एकदा बघायचा.

"काय हाय डब्यात? पेढं?" कंडक्टरनं विचारलं.

"आरसा."

"आरसा व्हय! आता त्वांड बघून काय उपेग, पावनं?"

अख्खी गाडी हसली. मीही हसलो, कारण मुद्दा बिनतोड होता.

बारामतीच्या स्टँडवर सुदामराव काळा चष्मा लावून उभे होते. "या दाजी!" म्हणत त्यांनी माझ्या शेजारच्या एका अनोळखी माणसाचा हात धरला. आम्ही तिघंही हसलो. पण त्यानंतर ते माझ्याकडे वळायचे ते माझा आवाज ऐकून, हे माझ्या लक्षात आलं आणि मग माझं हसू आटलं.

कॉलेजातून मागून आणलेली लेसरची नळी घेऊन आम्ही लोणी देवकरच्या बाजूची गाडी धरली. तिथून पुढं त्यांचं गाव. वाटेत ऊस संपला, माळ लागला. बाभळी, मुरूम, मधूनच कारखान्याची पत्र्याची शेडं.

"दाजी, पृथ्वी सूर्याभोवती पळती," सुदामराव सांगू लागले. "पळत्या गाडीत वारा तोंडावर येतो. तसा उजेडाच्या वेगातही दिशेप्रमाणं फरक पडायला पायजे का न्हाय?"

"पडायला पाहिजे," मी म्हणालो. विज्ञानात मी काठावर पास झालेलो आहे.

"पडत न्हाय! तुमच्या डब्यातल्या आरशानं एका किरणाचे दोन करायचे, काटकोनात धाडायचे, परत एकत्र आणायचे. मग पट्ट्या दिसतात. आता सगळा सांगाडा फिरवायचा. वेगात फरक असंल तर पट्ट्या सरकतील. त्या सरकत न्हाईत."

"म्हणजे आपण हे सिद्ध करणार?"

"छ्या! आपल्या हातभर दगडावर एवढा बारीक फरक कळायचासुद्धा न्हाय. सिद्ध करणाऱ्यांनी ते केव्हाच केलंय. मला फक्त बघायचंय."

घरी सासूबाईंनी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं. सासऱ्यांच्या हयातीपर्यंत या घरात मेंढरं होती, आता ज्वारी. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "एका डोळ्यानं तरी दिसतंय माज्या लेकाला. तेवढं देवानं ठेवलंय." सुदामराव खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

जेवण होताच धान्याच्या कोठीत आम्ही मांडामांड केली. झरोक्याला पोती लावली. जमिनीवर ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर शहाबादी फरशी. हादरे बसू नयेत म्हणून ही युक्ती. फरशीवर नळी, आरसे, भिंग आणि एक पांढरा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ. बाहेरून म्हातारे चुलते ओरडले, "उजेड बघायला अंधार कशाला रं, मास्तर?"

पुठ्ठ्यावर दोन तांबडे ठिपके पडले. ते एकावर एक आणायचे होते. सुदामराव बराच वेळ स्क्रू फिरवत होते.

"झाले एक."

"सुदामराव, दोन आहेत."

त्यांनी स्क्रूवरून हात काढला. मग म्हणाले, "तुमी फिरवा."

रेडिओवर एक स्टेशन धड न लावता येणारी माझी बोटं! पण ठिपके कसेबसे एकत्र आले, भिंग मधे सरकवलं, आणि पुठ्ठ्यावर तांबड्या-काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या. मी "अरे वा!" म्हटलं तर त्या थरथरल्या. सुदामराव वाकले. नाक पुठ्ठ्याला टेकेपर्यंत वाकले, आणि तसेच राहिले.

"दिसलं का रं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

त्यांच्याऐवजी 'हो' म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"न्हाय आई. तांबडा डाग दिसतोय नुसता."

"तुजा उजवा डोळा..."

"त्योबी चाललाय. बोललो न्हाय तुला." ते सरळ झाले. "पोरांना सांगत आलो, दिसंल तेवढंच लिवा. आता तुज्यापुढं काय खोटं बोलू?"

सासूबाई रडल्या नाहीत. आत आल्या, पट्ट्या नाचल्या आणि पुन्हा स्थिरावल्या. "कुठं बघायचं, सांग," म्हणत त्यांनी लेकाचा तळवा हातात घेतला आणि त्यावर नखानं रेघा ओढल्या. "घोंगडीच्या काठावानी हाय. ही तांबडी, ही काळी, ही तांबडी."

सुदामरावांनी चाचपडत फरशीची कड धरली आणि ती हलकेच पाव फेरा वळवली.

"हललं बग समदं!"

"हलणारच. जरा दम धर. रेघंवर काय हाय आता?"

"तांबडीच की. मगाशी हुती तितंच."

"नीट बघ, आई."

"बघती की रं. डोळं हायत मला."

एवढं बोलल्या आणि त्यांनी पदर दातांत धरला. पुठ्ठ्यावरची नजर मात्र काढली नाही.

सकाळी सुदामराव फाट्यापर्यंत पोचवायला आले. पहिल्यांदाच त्यांनी माझं कोपर धरलं होतं. "पुढल्या वर्गाला सांगीन, माझ्या आईनं स्वतः बघितलंय," ते म्हणाले. मग थोडं चालून, "शिकवायला ठेवलं तर."

परतीच्या गाडीत खिडकीतून ऊन माझ्या तोंडावर येत होतं. एरवी मी पडदा ओढला असता. त्या दिवशी डोळे चुरचुरले तरी बघत राहिलो: माळ, शेळ्या, दुकानांच्या पाट्या. पाट्या तर मी सगळ्या वाचल्या. उजेड सगळ्या दिशांना सारख्याच वेगानं धावतो, हे मी सुदामरावांच्या शब्दावर मानतो. पण पुठ्ठ्यापासून त्यांच्या डोळ्यापर्यंत वीतभरही अंतर नव्हतं, आणि तेवढं काही तो ओलांडू शकला नाही.

"दादाला दिसलं?" बायकोनं दारातच विचारलं.

बारामतीहून आलो की मी आठवडाभर पुरेल एवढं बोलतो, अशी घरात ख्याती आहे.

"आईंना दिसलं," मी म्हणालो.

ती आत गेली. मोरीतला नळ सुरू झाला. बराच वेळ तो वाहत राहिला, भांडं काही वाजलं नाही.