गाडीत कादंबरी लिहिणाऱ्या बाई

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीहून मॅनहॅटनला लोकल गाडीने कामावर जाताना एक बाई रोज माझ्यासमोर बसायच्या. वडील घानाचे, आई त्रिनिदादची, बालपण लंडनमध्ये. मांडीवर वही ठेवून आपल्याच कुटुंबावरची पहिली कादंबरी लिहायच्या आणि स्वतःच्याच विनोदाला खुदकन हसायच्या.

एक दिवस वही मिटलेलीच होती. पाठवलेली प्रकरणं वाचून प्रकाशकाने कळवलं होतं, आफ्रिकेतली आजी तेवढी ठेवा, बाकीचे नातेवाईक काढा, वाचक गोंधळतात.

“मग काढणार?” मी विचारलं.

“आमच्याकडे सगळे एकाच टेबलावर जेवतात. अजून कुणी गोंधळलेलं नाही,” म्हणाल्या आणि वही उघडली.

तीन वर्षांनी दुसऱ्या प्रकाशकाने ती कादंबरी जशीच्या तशी छापली. लायब्ररीतल्या तिच्या वाचनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. पुढच्या दोन रांगांत त्यांचे नातेवाईक कोणतं पात्र कोणावरून घेतलंय यावर तावातावाने भांडत होते.