लेकीचा एमआरआय आणि माझा बंदोबस्त

हसायचं तर आधीच हसून घ्या बायांनो, कारण मी काय करून बसले ते ऐकलंत तर मला हळदीकुंकवालासुद्धा बोलावणार नाही!

माझ्या सोनलला जन्मापासून थॅलेसेमिया. सारखं रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातलं लोह हृदयात साठायची भीती. तर परवा डॉक्टर म्हणाले, "काकू, हृदयाचा एमआरआय काढू. ते फोटो बघून कॉम्प्युटर सांगेल, पुढे धोका किती ते. त्यावर औषध ठरवू."

कॉम्प्युटर सांगणार! आमच्या जूचंद्र गावात वीज गेली की ज्याची वाचा बसते, तो माझ्या लेकीचं पुढचं सांगणार? कधी एक उपास तरी केलाय मेल्याने? मी सोळा सोमवार केले, संकष्टीला चंद्र ढगात लपला तरी उपाशी बसले!

म्हणून मी आपला बंदोबस्त केला. एमआरआयच्या दिवशी सोनलच्या गाऊनची नाडी बांधायच्या निमित्ताने गावच्या चंडिका देवीच्या अंगाऱ्याची पुरचुंडी आतून छातीपाशी अडकवून दिली. कशाने? बांगडीतल्या सेफ्टी पिनने!

"अंगावर धातूचं काही नाही ना?" मशीनवरच्या मुलीने विचारलं. सोनल बिचारी "नाही" म्हणाली. मी बाहेर बाकड्यावर जाऊन जपाला बसले. देवाचं का कुणी धातूत मोजतं?

थोड्या वेळाने डॉक्टर घाईघाईने बाहेर आले. "काकू, हृदयापाशी मोठा काळा डाग दिसतोय. कॉम्प्युटर म्हणतोय, लोह फार साठलंय."

माझा जप थांबला. पण तोंड? ते कुठलं थांबतंय! "त्या डबड्याला काय कळतंय? माझ्या लेकीच्या हृदयात लोखंड? आधी त्याचे डोळे तपासा!"

तेवढ्यात सोनल आली. तळहातावर वाकडी पिन, गाऊनभर अंगारा.

"आई, आत सारखं कोणीतरी माझा गाऊन ओढत होतं. ही तुझीच ना?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो काकू, ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक, डाग या पिनचाच! ही उडून डोळ्यात गेली असती म्हणजे?"

फोटो पुन्हा काढले. डाग गायब! कॉम्प्युटर म्हणाला, धोका अगदी कमी. मी तिथेच हात जोडले. "पावली गं बाई देवी! आणि डॉक्टर, तुमचा तो कॉम्प्युटरही तसा समजूतदार आहे हो."

"कसला समजूतदार!" सोनल म्हणाली. "त्याला नुसतं आतलं दिसतं. खरा धोका बाहेर बाकड्यावर बसून जप करत होता, तो कुठे दिसला त्याला?"