सात नंबरच्या खोलीचा भाडेकरार

आकुर्डी स्टेशनबाहेर दर रविवारी आमच्या संघटनेचं टेबल असायचं. मागे फलक: 'गरिबाच्या लेकराला चांगल्या शाळेत जागा हा हक्क आहे, भीक नाही.' वाक्य माझं. संघटनेत चिडून लिहायचं काम माझ्याकडे होतं. खासगी शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा गरिबांसाठी असतात, त्यांचे अर्ज आम्ही फुकट भरून द्यायचो. हे टेबल माझ्या स्वतःच्या गावात, चऱ्होलीत, का नव्हतं? तर चऱ्होलीत सगळे माझे चुलते. क्रांती दोन बस लांबच बरी पडते.

एका रविवारी एक बाई आल्या, सोबत मुलगी. मूळच्या धाराशिवकडच्या, चाकणला ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामाला. मुलीचा पहिलीचा अर्ज भरायचा होता. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेले, फक्त पत्त्याचा पुरावा नाही. त्यासाठी नोंदवलेला भाडेकरार लागतो, आणि खोलीचा मालक तो करून देत नव्हता.

खोटं कशाला सांगू, असलं काही ऐकलं की मला बरं वाटायचं. मी उठून उभीच राहिले. इंग्रज गेले, मग सरकारं आली नि गेली, शेतं जाऊन कारखाने उभे राहिले, पण मालक तो मालकच, हे सगळं त्या दोघींना उन्हात उभं करून ऐकवलं. शेवटी म्हणाले, "नाव सांगा त्या माणसाचं. परवा त्याच्या दारात मोर्चा नेऊ."

बाईंनी मुलीच्या केसातली पिन सारखी केली. "लांब नाही जावं लागायचं, ताई. तुम्ही वर राहता, आम्ही खाली. सात नंबर."

आमच्या घराच्या खाली नि मागे मिळून चौदा खोल्या आहेत, सगळ्या भाड्याने दिलेल्या. सात नंबरच्या दारावरून मी रोज स्कूटर काढते. त्या मला ओळखत होत्या, मी त्यांना नाही. टेबलाचा पत्ता त्यांना माझ्याच पत्रकावर मिळाला होता. उरलेले गठ्ठे आई खोल्यांमध्ये फळीवर अंथरायला देते.

"अहो, मग घरीच सांगायचं ना," मी म्हणाले.

"घरी तुम्ही मालकांची पोरगी. इथं तुमचा बोर्ड होता."

अर्जाच्या मुदतीला पाच दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी माझे वडील, आप्पा, जेवायला बसल्यावर मी विषय काढला. त्यांनी भाकरी मोडत ऐकून घेतलं.

"तुझा पणजा पुण्याच्या मालकाची जमीन कसायचा, म्हाईतीय ना? सातबाऱ्यावर कूळ म्हणून त्याचं नाव लागलं. पुढं आपलं राज्य आलं, कायदा झाला, जमीन आपली झाली. त्या मालकानं नाव लागू दिलं नसतं, तर आज तू त्याच्या बांधावर खुरपत असतीस. आन मी माझ्या जागेच्या कागदावर दुसऱ्याचं नाव लावू? येडा हाय का मी?"

पणजोबांची ही गोष्ट मी किमान तीन भाषणांत सांगितली आहे, एकदा तर गळा दाटून. तिच्यातून आप्पांनी हा धडा घेतला असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अकरा महिन्यांच्या करारानं जागेवर हक्क लागत नाही, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. छापलेलं होतं. मुख्यमंत्र्यांना मी जाहीर जाब विचारलेला आहे. आप्पांना मी ताक वाढू का, विचारलं.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहायला घेतलं, आप्पांसाठी. 'शोषक' खोडून 'मालकवर्ग' केलं, ते खोडून 'संबंधित'. 'जाब द्या'ची 'नम्र विनंती' झाली. यात तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी खाली आले, तर सात नंबरच्या दारात करार करून देणारा एजंट लॅपटॉप उघडून बसलेला, नि शेजारी पाटावर आई. अंगठ्याच्या यंत्रावर तिचा अंगठा उठत नव्हता. भांडी नि शेण यांत रेषा झिजून गेल्या होत्या. एजंटनं ओल्या फडक्यानं बोट पुसलं, पुन्हा दाबायला लावलं. नाही. सात नंबरच्या बाई यंत्राकडे बघत होत्या. पाचव्यांदा हिरवा दिवा लागला.

घरपट्टीत सूट मिळते म्हणून आप्पांनी घर केव्हाच आईच्या नावावर करून टाकलं होतं. 'बाईच्या नावावर घर' या विषयावर माझं एक पत्रक आहे, दोनदा छापलंय. पण आमच्या घरपट्टीचं बिल मी कधी वाचलं नव्हतं. बिल वाटणारा माणूस ते सात नंबरला देऊन जायचा. त्याच आठवड्यात आलेलं बिल बाईंनी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी 'काकू, काकू' करत सरळ आईला गाठलं.

आप्पा जिन्यात येऊन उभे राहिले. "मला न इचारता?"

आई पदराला बोट पुसत होती. "घर माझ्या नावावर करताना मला कुठं इचारलं व्हतं?"

आप्पा परत वर गेले. एजंट म्हणाला, अजून एक साक्षीदार पाहिजे. लढ्यातली माझी कामगिरी ही एवढी: मी अंगठा दिला. पहिल्याच वेळी उठला.

सोडतीत मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत आलं, नि शेवटी प्रवेश मिळाला. मी लगेच पत्रक काढलं: 'संघटनेच्या अथक पाठपुराव्याला यश.' त्यातलं एक नेहमीप्रमाणे सात नंबरच्या फळीवर गेलं. दोन दिवसांनी स्कूटर काढताना बाईंनी हाक मारली.

"ताई, वाचलं मी. त्यात काकूंचं नाव राहिलंय."