गाळलेल्या फ्रेम

पडद्यावर दिलीपदादांचा हात वर जायचा, अडकायचा आणि एकदम खाली यायचा. गटारात गुदमरून गेलेल्या या माणसाचा एवढाच व्हिडिओ आमच्याकडे होता. पालिकेच्या गेटवरच्या कामगार सभेत गटारात उतरायला मास्क मागतानाचा, तोही मोबाइल चुकून स्लो मोशनवर राहिलेला. शोकसभेला पालिकेचे साहेबही येणार होते, तिथे तो दाखवायचा होता.

"फ्रेम फार आहेत, कॉम्प्युटरला झेपत नाहीत," एडिटिंग करणारा सुधीर म्हणाला. "चारातल्या तीन गाळल्या की नेहमीच्या वेगात, सुरळीत चालेल. आवाजही कळेल."

"गाळ," मी म्हणालो. साहेबांना ती मागणी ऐकवायचीच होती.

दिलीपदादा घडाघडा बोलू लागले. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी, रेखावहिनी, हळूच म्हणाल्या, "मघाचं सावकाशच लावा ना, भाऊ. घरात कधी एवढा वेळ समोर थांबले नाहीत हो."

हे शहरही असंच चालतं. ते सुरळीत धावावं म्हणून कुणीतरी रोज गाळलं जातं आणि आपण त्याला सोय म्हणतो.

सुधीरने सगळ्या फ्रेम ठेवून कॉम्प्युटरला झेपेल अशी हलकी प्रत बनवली. आता हात न अडकता, सावकाश वर गेला. शब्द कळेनात. पण बोलता बोलता दादांनी मान वळवली आणि ते हसले. नेहमीच्या वेगात ते हसू आम्हाला दिसलंच नव्हतं.

"त्या दिवशी गेटवर डबा घेऊन गेले होते मी," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, त्यांनी मला पाहिलंच नाही."