तिसऱ्या दाराची गोष्ट

"गोष्ट आहे का एखादी?"

बस स्टॉपवर कुणी काडेपेटी मागावी तितक्या सहज त्या म्हाताऱ्या बाई हे विचारत. अंगठा छोट्या टेपरेकॉर्डरच्या बटणावर, मान जराशी कललेली आणि नजर समोरच्याच्या ओठांवर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि टाळलीही असतील. इंग्लंडातल्या मेडनहेडच्या एका इमारतीत त्या तळमजल्यावर राहत आणि मी वर. रोज त्यांच्या दारावरून जाताना मी किल्ल्या मुठीत आवळून धरायचे, आवाज होऊ नये म्हणून.

त्या जर्मन होत्या. तरुणपणी इथे हॉस्पिटलात कामाला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं. तो गेला, मुलंबाळं नव्हती. शनिवारी स्लाऊच्या एका लायब्ररीत बसून त्या येईल त्याच्याकडून जुन्या गोष्टी गोळा करत. पंजाबी आज्या, आयरिश नर्स, एक पोलिश सुतार. सगळ्यांच्या गोष्टी कॅसेटवर आणि कॅसेट बिस्किटांच्या डब्यांत.

माझी नागपूरची फ्लॅटमेट म्हणायची, "सांगून टाक ना एखादी. मीटिंगमध्ये त तोंड उघडत नाही तू, म्हातारीपुढे तरी उघड."

एका थंडीत मी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं. फ्लॅटमेट वॉटफर्डला मावसबहिणीकडे गेलेली. मी जिन्यात बसून राहिले. थोड्या वेळाने खालचं दार उघडलं आणि काही न विचारता त्यांनी मला आत घेतलं. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला चहा दिला. मग अंगठा बटणावर गेलाच.

मी म्हटलं, मी इंग्लिश मीडियमची. मला नीट गोष्टी येत नाहीत.

"शाळेतली नको. झोपतानाची सांग."

झोपतानाची एकच येत होती, चिमणी-कावळ्याची. कावळ्याचं घर शेणाचं हे इंग्लिशमध्ये सांगताना मला फार संकोच वाटला. त्यांना मुळीच वाटला नाही. त्यांच्या गावी शेणाचा ढीग कुणाचा मोठा यावरून सोयरिकी जुळायच्या म्हणे. एवढं सांगून त्या गप्प झाल्या, हात मांडीवर ठेवून, इथले लोक सभ्यपणे ऐकतात तशा. मी पहिलं वाक्य सांगून थांबले. त्याही थांबल्या. टेप नुसती फिरत राहिली.

"संपली?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तुम्ही हूं म्हणाला नाहीत."

मग मला समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं असतं. हूं आलं की पुढचं वाक्य. नाही आलं तर मूल झोपलं असं समजून सांगणारा थांबतो. "आणि गोष्ट संपली की?" त्यांनी विचारलं. संपली की हूं म्हणायचं नाही, मी म्हटलं.

त्यांचं पहिलं हूं शेवटी वर गेलं, "काय?" म्हटल्यासारखं. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. पुन्हा वर गेलेलं हूं, पुन्हा तेच वाक्य. बिचाऱ्या कावळ्याचं घर पावसात वाहून जायचं काही थांबेना. शेवटी मी म्हटलं, वर नाही न्यायचं, खाली ठेवायचं, पोटात. तेव्हा कुठे जमलं, आणि आम्ही दोघीही हसलो. त्या घरात मी हसेन असं मला वाटलं नव्हतं.

कावळा चिमणीच्या दाराशी आला. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला गंध लावते. इथे त्यांचं हूं आलं नाही. मी थांबले. त्यांनी टेप बंद केली.

"माझ्याकडेही एक दार आहे," त्या म्हणाल्या.

त्यांची आई रोज झोपवताना एक छोटीशी गोष्ट सांगायची. एक मुलगी बर्फात वाट चुकते. हातातला कंदील विझलेला. पहिल्या दारात तिला भाकरी मिळते, पण आत घेत नाहीत. दुसऱ्या दारात विस्तव मिळतो, पण आत घेत नाहीत. ती तिसरं दार वाजवते. आतून आवाज येतो, "वेर इस्ट दा?" म्हणजे, कोण आहे? आणि मुलगी म्हणते...

"काय म्हणते?"

"ठाऊक नाही. मी रोज तिथेच झोपायचे."

मग युद्ध संपता संपता भर हिवाळ्यात गाव सोडावं लागलं आणि आई वाटेतच गेली. पुढे जो जो जर्मन माणूस भेटला त्याला त्यांनी विचारलं. ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. कदाचित आईनेच रचलेली असेल. तरी कुणाच्या तरी गोष्टीत ते दार सापडेल म्हणून त्या विचारत राहिल्या. गोष्ट आहे का एखादी?

"आणि आज तू सांगतेस की मी हूं म्हणायची थांबले, म्हणून आई थांबली."

मी सहसा कुणाला काही सांगायला जात नाही. पण त्या दिवशी म्हटलं, "तुम्ही झोपावं म्हणूनच सांगायची ना ती. हूं थांबलं की बरंच वाटत असेल तिला."

त्यांनी माझा चहाचा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "हूं." खाली, पोटातून.

त्यानंतर मी किल्ल्या आवळून जाणं सोडलं. रविवारी त्यांच्याकडे जायचे. आईला पुण्याला फोन करून विसरलेल्या गोष्टी विचारायचे आणि खाली येऊन सांगायचे. फ्लॅटमेट म्हणे, तुझं वजन वाढलं नाही, आवाज मात्र वाढला.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. हॉस्पिटलातून त्यांना केअर होममध्ये हलवलं. त्यांच्या नवऱ्याची पुतणी जिन्यात भेटली. म्हणाली, जाऊन काही उपयोग नाही, इंग्लिश सगळं गेलंय. नुसतं जर्मन बोलते आणि कुणाला कळलं नाही की चिडते.

मी गेले. दुपारची वेळ होती. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण माझं मनगट धरलं आणि बोलायला लागल्या. एक वाक्य बोलून थांबल्या. कपाळावर आठी आली. काही उपयोग नाही, अशी नर्सने मान हलवली.

मी म्हटलं, "हूं."

आठी गेली. पुढचं वाक्य आलं. हूं. पुढचं. मला काही कळत नव्हतं. मग मधेच त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक केली आणि जाड आवाजात म्हणाल्या, "वेर इस्ट दा?"

मला वाटलं, आता थांबतील. त्या इथेच थांबत आल्या होत्या. रेकॉर्ड करायला मोबाईल पर्समध्ये होता, पण त्यासाठी हात सोडवून घ्यावा लागला असता. मी म्हटलं, हूं.

आणि त्या पुढे गेल्या. बारीक, लहान मुलीच्या आवाजात एक वाक्य. हूं. मग जाड आवाजात एक. हूं. मग स्वतःच्या आवाजात, अगदी सावकाश, आणखी एक.

मी पुन्हा हूं म्हटलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं.