तीन पिढ्यांची गाडी आणि वाट चुकलेली समिती

अकोला स्टेशनावर उतरले तेव्हा ऊन तापलं होतं. वडिलांच्या छोट्या मोटारीचं, त्या मॉडेलच्या पहिल्या पिढीचं बॉनेट पुण्यात मिळेना. जुन्या गाड्यांचे भाग विकणारे सलीमभाई फोनवर म्हणाले होते, "या ताई, ठेवलं हाय."

दुकानात पाहते तर ते बॉनेट त्यांच्या स्वतःच्या गाडीवर बसलेलं.

"अहो, हे तर माझ्यासाठी ठेवलं होतं ना?"

"काय करू ताई? पोरीचे दिवस भरत आले. उघड्या इंजिनाची गाडी घेऊन तिले आणाले कसा जाऊ?"

गाडी मात्र पाहण्यासारखी होती. तोंड पहिल्या पिढीचं, चौकोनी. दरवाजे दुसरीचे, जरा फुगीर. पाठ तिसरीची, गोल गरगरीत. आजोबा, बाप आणि नातू एकाच सदऱ्यात शिरावेत तशी. रंग मात्र सगळीकडे पांढराशुभ्र.

"वलगावले पोरीचं सासर हाय, तिथून नसरीनले घेतो, अमरावतीच्या दवाखान्यात नेतो. तुमाले पुण्याची गाडी तिथून भेटते. चाला!"

दर्यापूरच्या रस्त्याने निघालो. दोन्हीकडे काळी जमीन, तिच्यावर वाळलेली पऱ्हाटी (कपाशी). ती वर्षं वाईट होती. शेतीची दशा पाहायला सारख्या समित्या यायच्या, पांढऱ्या गाड्यांतून.

वलगावला नसरीन माझ्याशेजारी बसली आणि गाव सुटतं न सुटतं तोच तिने माझा हात आवळला. "अब्बा, जल्दी करा!"

तेवढ्यात भोंगा वाजवत एक जीप आली, मागे पांढऱ्या गाड्यांची रांग. दोन गाड्या गेल्या आणि मध्ये फट पडली. सलीमभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून आमची गाडी फटीत घातली. रस्ता मोकळा होत गेला. चौकातल्या पोलिसाने आम्हांला सलाम ठोकला. कळांनी वाकलेल्या नसरीनलाही हसू आलं.

अमरावतीत जीप आणि पुढच्या दोन गाड्या सरळ गेल्या. सलीमभाई दवाखान्याकडे वळले. मागच्या साऱ्या गाड्याही वळल्या.

नसरीनला आत नेलं. मी बाहेर येते तर आवारात समिती उतरलेली. पांढऱ्या केसांच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "गाव कोणतं हे?"

"बायकांचा दवाखाना आहे."

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी ड्रायव्हरकडे. पण फोटोवाले फोटो काढू लागले होते, आता मागे फिरणं शक्य नव्हतं. अध्यक्ष बाकावरच्या म्हातारीपुढे वाकले. "आजी, अडचण काय आहे?"

"पंखा! आत बाया शिजून रायल्या."

"आणि कापूस?"

"कापूस इथं कुठी पिकते, बाप्पा?"

सचिवांनी 'पंखा' लिहून घेतलं. फोन झाले. शिडी आली, पाठोपाठ वायरमन आला. खोलीतला पंखा गरगरू लागला आणि थोड्याच वेळात त्याच्याखाली नसरीनला मुलगी झाली. सलीमभाई रडतही होते आणि समितीला गिलावडाही (दह्यातला वडा) वाटत होते. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

संध्याकाळी रिकाम्या हातांनी पुण्याची गाडी धरली. बाहेर तीच वाळलेली शेतं मागे पळत होती. तिथे किती समित्या येऊन गेल्या असतील कोण जाणे. कुणाचं काही भलं करून गेलेली मी एकच पाहिली, आणि तिलाही त्यासाठी आधी वाट चुकावी लागली.